ऐंशी तासांचा फॉर्म आणि आमचं हेल्थ सेंटर

अबोली
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

बुधवारी रात्री अमेरिकी सरकारचं शटडाउन (निधी मंजूर न झाल्याने बंद पडलेलं कामकाज) एकदाचं संपलं. ४३ दिवस चाललं. इथल्या बऱ्याच जणांच्या लक्षात विमानतळावरच्या रांगा राहतील, नाहीतर ग्रीन कार्डासाठीची अडकलेली पर्मची फाइल. माझ्या लक्षात राहील ती आमच्या बोर्डाची ऑक्टोबरची मीटिंग. हिशेब बघणाऱ्या बाईंनी पडद्यावर एकच आकडा टाकला, हातात किती दिवसांची रोकड आहे तो. आणि म्हणाल्या, दातांच्या विभागातली रिकामी जागा सध्या भरू नका. दातांच्या अपॉइंटमेंटसाठी आमच्याकडे तेव्हाच तीन महिने थांबावं लागत होतं. कोणी काही बोललं नाही. मग चहाकॉफीच्या टेबलाकडे सगळे एकदमच उठले.

हे बोर्ड कुठलं, ते आधी सांगते. आमच्या गावात एक कम्युनिटी हेल्थ सेंटर आहे. २०१८ मध्ये नवऱ्याचा प्रोजेक्ट बंद पडला. व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची, ती मिळाली तरी तिथला इन्शुरन्स नव्वद दिवसांनी सुरू होणार, आणि कोब्राचा (जुन्या नोकरीतला विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची सोय) हप्ता बघून दोघांनी लॅपटॉप मिटला. मला थायरॉइडच्या गोळ्या हव्या होत्या, लेकीला शाळेसाठी लशी. शेजारच्या बाईंनी या सेंटरचं नाव सांगितलं. मी पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, लग्नाचं सर्टिफिकेट असं सगळं बाड घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने त्यातले दोन कागद ठेवून घेतले आणि विचारलं, घरात किती माणसं? व्हिसाचं तिने विचारलंच नाही. आता आमच्याकडे बरा इन्शुरन्स आहे, ग्रीन कार्डही आलं, पण डॉक्टर तेच ठेवलेत. आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला बोर्डावर घेतलं.

घेतलं म्हणजे उपकार नाही केले. कायदाच तसा आहे. या सेंटरांना ज्या कलमाखाली केंद्राचं अनुदान मिळतं (पब्लिक हेल्थ सर्व्हिस अॅक्टचं कलम ३३०), त्यात अट आहे की बोर्डातले निदान ५१ टक्के सभासद तिथले पेशंट असले पाहिजेत. मुख्याधिकारी नेमायचा, काढायचा, बजेट मंजूर करायचं, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, हे सगळं बोर्डाच्या हातात. आमच्या बोर्डावर एक स्कूलबस चालवणाऱ्या बाई आहेत, एक निवृत्त छपाई कामगार, एक चर्चमधले गृहस्थ आणि मी. देशात अशी १,३०० हून जास्त सेंटरं आहेत, आणि वर्षाला ३ कोटींहून जास्त लोक तिथे जातात.

धागा काढायचं कारण असं की वर्षभरात तीन गोष्टी एकावर एक येऊन पडल्यात आणि आपल्या लोकांत त्यावर चर्चाच नाही. एक, ४ जुलैला सही झालेला तो मोठा कायदा आणि त्यातली मेडिकेडसाठीची (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा) महिन्याला ८० तास कामाची अट. दोन, १० जुलैची केंद्राच्या आरोग्य खात्याची नोटीस, जिने ही सेंटरं बाहेरून आलेल्या कित्येकांना बंद होऊ शकतात. तीन, निधी. तो परवा ३० जानेवारीपर्यंत वाढवला. म्हणजे अडीच महिने. अडीच महिन्यांच्या भरवशावर डेंटिस्ट येतो का?

मला वाटतं, वॉशिंग्टनमधली मोठी लढाई यावर्षी होऊन गेली. आता जे काही होईल ते राज्याच्या राजधानीत, फॉर्मच्या रकान्यांवरून होईल. आणि तिथे आपल्यासारख्यांना बोलायला अजून जागा आहे. माहीतगारांनी लिहा. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

गोदाकाठ

वाचतेय. आधी एक भाबडा प्रश्न. हे 'फ्री क्लिनिक' म्हणतात तेच का?

अबोली

नाही गं. फ्री क्लिनिक बहुतेक स्वयंसेवकांवर आणि देणग्यांवर चालतात. इथे बिल येतं, पण उत्पन्नाप्रमाणे. दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपर्यंत असाल तर नाममात्र किंवा काहीच नाही, २०० टक्क्यांपर्यंत पायरीपायरीने सवलत, त्यावर पूर्ण फी. चार माणसांच्या घराला यंदा ही रेषा ३२,१५० डॉलर आहे. म्हणजे ६४,३०० पर्यंत काही ना काही सवलत बसते. आणि पैसे देता येत नाहीत म्हणून कोणालाही परत पाठवायचं नाही, ही अट आहे. ती शेवटची अट लक्षात ठेव, इथले सदस्य 'जमाखर्च' आले की तिचं महत्त्व सांगतील.

तिरकस

अबोलीताई, धागा चांगला आहे पण एकांगी होणार असं दिसतंय, म्हणून आधीच येऊन बसतो. महिन्याला ८० तास म्हणजे आठवड्याला वीस. धडधाकट माणसाने वीस तास काम करावं आणि त्याचा कागद दाखवावा, यात अन्याय काय? आपण इथे व्हिसासाठी किती कागद दाखवतो! एक आय-९४ (देशात आल्याच्या नोंदीचा कागद) हरवला तर जग बुडतं. आपल्याला कोणी सवलत दिली का?

जमाखर्च

तिरकसराव, कागदावरून सुरुवात केलीत ते बरं झालं, कारण माझी नोकरीच कागदाची आहे. एका सेंटरमध्ये (नाव नको) बिलिंग बघतो, बारा वर्षं झाली.

आर्कान्सामध्ये हा प्रयोग होऊन गेलाय. २०१८ च्या जूनमध्ये अट लागू झाली. १८,००० हून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं, आणि मार्च २०१९ मध्ये कोर्टाने ती थांबवली. ते सगळे आळशी होते का? तास नोंदवायचे वेबसाइटवर, आणि ती वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायची! दिवसभर कोंबड्यांच्या कारखान्यात उभा असलेला माणूस घरी येऊन, जेवून बसणार, तेव्हा वेबसाइट झोपलेली. आपल्या व्हिसाच्या कागदांसाठी कंपनीचा वकील असतो हो. या माणसाचा वकील म्हणजे आमच्या काउंटरमागची एक मुलगी, आणि तिच्याकडे दिवसाला वीस जण.

आता सेंटरच्या गल्ल्याचं सांगतो, कारण बाहेर लोकांना वाटतं सेंटर अनुदानावर चालतं. अनुदान महत्त्वाचं आहेच, पण सर्वांत जास्त पैसे मेडिकेडकडून येतात. साधारण निम्मे पेशंट मेडिकेडचे. त्यांच्यासाठी आम्हाला दर भेटीमागे एक ठरलेला दर मिळतो. भेटीत डॉक्टरने रक्तदाब बघितला, आहारतज्ज्ञाने दहा मिनिटं घेतली, काय ते सगळं त्या दरात. हा दर १९९९ आणि २००० सालच्या खर्चावर बेतलेला, मग दरवर्षी महागाईप्रमाणे थोडा वाढवलेला. तेव्हा ना इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड होते, ना आजचे नर्सचे पगार. तरी तो दर आहे म्हणून आम्ही आहोत.

आता समजा, त्या पेशंटचं मेडिकेड फॉर्म चुकल्यामुळे गेलं. तो यायचा थांबतो का? डायबेटिस तर थांबत नाही. तो येतोच, आणि अबोलीताईंनी वर लिहिलेल्या अटीप्रमाणे आम्ही त्याला बघतोच. काल त्याच भेटीचे पैसे येत होते, आज येत नाहीत. माणूस तोच, डॉक्टर तोच, वीजबिल तेच. अनुदान तेवढ्यासाठी वाढत नाही. या कायद्यामुळे २०३४ पर्यंत आणखी सुमारे १ कोटी लोक विम्याविना राहतील असा अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) बजेट ऑफिसचा अंदाज आहे. त्यातले बरेच जण कुठे येतील, तुम्हीच सांगा.

तिरकस

वेबसाइट रात्री बंद हे मला माहीत नव्हतं. हे म्हणजे मंगल कार्यालयाने लग्नाच्या दिवशी साप्ताहिक सुट्टी घेण्यासारखं झालं. पण मग भांडण वेबसाइटशी आहे, अटीशी नाही.

अबोली

तिरकसदादा, मी तरी तेच म्हणतेय. अट आता कायदा आहे. १ जानेवारी २०२७ च्या आत राज्यांना लागू करायची आहे. मी तिच्याविरुद्ध दोन वेळा फोन केले, एकदा प्रत्यक्ष गेले, कायदा झाला. आता वेबसाइटशीच भांडायचंय.

डेल्टाकर
सोमवार, १७ नोव्हेंबर

उशिरा आलो, कॉलवर होतो.

मी मिसिसिपीत एका सेंटरमध्ये फॅमिली मेडिसिन करतो. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी केली, मायदेशी दोन वर्षं परत जायची अट माफ करून घ्यायला तीन वर्षं डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात नोकरी करावी लागते, म्हणून इथे आलो. राज्याला अशा ३० जागा मिळतात, कॉनरॅड म्हणतात त्या. तीन वर्षं कधीच संपली. राहिलो.

एक दुरुस्ती. ८० तासांची अट मुख्यतः मेडिकेड एक्सपान्शनमधल्या (राज्यांनी मेडिकेड वाढवून ज्या आणखी प्रौढांना त्यात घेतलं त्या) १९ ते ६४ वयाच्या लोकांना आहे. मिसिसिपीने एक्सपान्शन केलंच नाही. अशी दहा राज्यं आहेत. त्यामुळे माझ्या पेशंटांना हा फॉर्म भरावाच लागणार नाही, कारण त्यांच्याकडे काढून घ्यायलाच काही नाही. सकाळी येतो तो माणूस कॅटफिशच्या तळ्यावर काम करतो, आठवड्याला पन्नास तास, आणि विमा शून्य. आमच्याकडे तुमचं २०२७ साल केव्हाच उजाडलंय.

आता माझा आवडता विषय, आवरणार नाही. या सेंटरांची सुरुवात १९६५ ची. जॅक गायगर आणि काउंट गिब्सन, दोघे डॉक्टर. (काउंट हे त्यांचं नावच, सरदारकी नव्हे. मी पहिलं वर्षभर फसलो होतो.) पहिलं सेंटर बॉस्टनमध्ये कोलंबिया पॉइंट वस्तीत, दुसरं इथे डेल्टात, माउंड बायू नावाच्या गावी. गायगर विद्यार्थी असताना दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या दांपत्याचं काम बघून आले होते, ती कल्पना तिथली. माउंड बायूला आल्यावर त्यांना दिसलं की पोरं आजारी आहेत ती उपासमारीने. मग डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर दूध, भाजी, मांस लिहून द्यायला लागले. गावातली किराणा दुकानं तो माल द्यायची आणि बिल सेंटरच्या औषधांच्या खात्यावर लावायची. वॉशिंग्टनहून माणूस आला तावातावाने, फार्मसीचा पैसा औषधांसाठी असतो म्हणून. गायगर त्याला म्हणाले, माझ्या पुस्तकात तरी कुपोषणावरचं औषध अन्न असंच लिहिलंय. नंतर विहिरी खणल्या, संडास बांधले, गावकऱ्यांची सहकारी शेती उभी राहिली.

हे सांगायचं कारण, ५१ टक्क्यांचा नियम कुठल्या तरी कारकुनाने सुचवलेला नाही. तो या मातीतून आलाय. पेशंटला विचारलं नसतं तर तिथे एक चकचकीत एक्सरे मशीन आलं असतं आणि पोरं उपाशीच राहिली असती.

गोदाकाठ

डॉक्टर, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका ना. वाचनखूण साठवली.

निशिगंध

मला १० जुलैच्या नोटिशीबद्दल विचारायचं आहे. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत, सहा महिने. बाबांची ट्रॅव्हल इन्शुरन्स पॉलिसी जुन्या आजाराला काही देत नाही, आणि बीपीच्या गोळ्या संपत आल्या. मागच्या खेपेला (२०२३) आम्ही जवळच्या सेंटरमध्ये दाखवलं होतं, पूर्ण फी भरून. आता नेऊ की नको? नवरा म्हणतो रिस्क नको.

जमाखर्च

निशिगंधताई, मी वकील नाही, पण रोज हेच विचारतात म्हणून जेवढं पक्कं आहे तेवढं सांगतो.

१९९६ च्या वेल्फेअर कायद्यात 'फेडरल पब्लिक बेनिफिट' असा शब्द आहे. असा लाभ फक्त 'क्वालिफाइड' परकीयांना, म्हणजे ग्रीन कार्डवाले, निर्वासित वगैरे. १९९८ मध्ये आरोग्य खात्याने सांगितलं की हेल्थ सेंटर त्यात येत नाही. त्यावर २७ वर्षं कारभार चालला. यंदाच्या १० जुलैच्या नोटिशीने ते फिरवलं, सेंटरही त्यात आलं, हेडस्टार्टही (लहान मुलांची शाळेआधीची सरकारी योजना) आलं. लक्षात घ्या, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा) सुद्धा त्या 'क्वालिफाइड'मध्ये बसत नाहीत. आपल्या लोकांना वाटतं हा कागदपत्रं नसलेल्यांचा प्रश्न आहे. तसं नाही. २०१८ च्या अबोलीताई या नोटिशीप्रमाणे बाहेर राहिल्या असत्या.

वीसेक राज्यं कोर्टात गेली आणि १० सप्टेंबरला र्होड आयलंडच्या फेडरल कोर्टाने त्या राज्यांपुरती नोटीस स्थगित केली. तेव्हा पहिला प्रश्न, तुमचं राज्य त्यात आहे का. दुसरं, त्याच १९९६ च्या कायद्यात ना-नफा धर्मादाय संस्थांवर स्टेटस तपासायची सक्ती नाही असंही लिहिलंय. बरीच सेंटरं ना-नफा आहेत. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी काय करतात ते वेगळं. सरळ फोन करा, नाव न सांगता विचारा: व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला पूर्ण फीत बघता का? बघत नसतील तर अर्जंट केअरला नेऊन गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन घ्या. बीपीच्या जेनेरिक गोळ्या रोखीत घेतल्या तरी फार नसतात. गोळी चुकवू मात्र नका.

निशिगंध

आमचं राज्य त्या दाव्यात आहे. फोन केला. बघतात म्हणाल्या, मंगळवारची वेळ दिली. मनापासून आभार.

तिरकस

माझ्या आईवडिलांचं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी झालं. त्यांना चालतं ना मग?

जमाखर्च

हो. ग्रीन कार्डवाले क्वालिफाइड आहेत. मेडिकेडला जी पाच वर्षांची अट असते ती सेंटरला नाही. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) विकत घ्यायलाही पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणून तेवढ्या काळात नेमकं सेंटरच कामाला येतं. घरात कोणाकोणाला धरायचं आणि उत्पन्न कसं मोजायचं याचं धोरण प्रत्येक बोर्ड ठरवतं, ते मात्र आधी विचारून घ्या. तुमचा पगार त्यात धरला तर सवलत बसणार नाही, हे सांगायला नको.

तिरकस

म्हणजे मी इतके दिवस ज्या दवाखान्यावर टीका करत होतो तो माझ्या बापाच्या कामाचा निघाला. असो. :)

पण एक शंका सोडत नाही. ते ३४०बी, सेंटरांना सवलतीत औषध मिळतं ती योजना. माझ्या ऑफिसातला फार्मातला एक जण सांगतो की त्यात नुसती लूट आहे, स्वस्तात औषध घ्यायचं आणि महाग विकायचं.

जमाखर्च

अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलं की खोडायला जास्त लिहावं लागतं.

१९९२ चा कायदा. औषध कंपनीला मेडिकेडशी व्यवहार करायचा असेल तर काही ठरावीक दवाखान्यांना औषध मोठ्या सवलतीत द्यायचं. ब्रँडेड औषधावर निदान २३.१ टक्के. समजा पेशंटला खाजगी विमा आहे. आम्ही औषध सवलतीत घेतो, विमा कंपनी नेहमीचा दर देते, मधला फरक आमच्याकडे उरतो. तुमचा मित्र याला लूट म्हणतो. पण सेंटरला तो पैसा आपल्याच कामात घालावा लागतो. आमच्याकडे त्यातून दोन दुभाषी आणि पेशंटला आणणारी व्हॅन चालते. विमा नसलेल्याला इन्सुलिन सवलतीच्या भावात देतो तेही यातूनच. हॉस्पिटलांवर तेवढं बंधन नाही, आणि या योजनेतली बहुतेक खरेदी हॉस्पिटलांचीच आहे. कुठल्या तरी श्रीमंत हॉस्पिटलने त्यातून संगमरवरी लॉबी बांधली की शिव्या आम्हाला.

भांडण कॉन्ट्रॅक्ट फार्मसीचं आहे. आमचा पेशंट चाळीस मैलांवरून येतो, तो औषध त्याच्या गल्लीतल्या दुकानातून घेतो. त्या दुकानाशी आमचा करार असतो, त्याने दिलेल्या औषधाचा माल आमच्या खात्यावर भरून येतो. २०१० पासून असे कितीही करार चालायचे. २०२० पासून एकेका कंपनीने सांगायला सुरुवात केली की एकाच दुकानात देऊ. केंद्रीय कोर्टांचे निकाल कंपन्यांच्या बाजूने गेले. मग आर्कान्साने (तेच आर्कान्सा!) २०२१ मध्ये राज्याचा कायदा केला की कंपन्यांनी असं अडवायचं नाही, आणि २०२४ च्या मार्चमध्ये आठव्या सर्किट कोर्टाने तो टिकवला. आर्कान्सापाठोपाठ लुइझियाना, मिनेसोटा, मिसिसिपी अशी राज्यंही त्याच वाटेने गेली. म्हणून अबोलीताई राज्याच्या राजधानीचं म्हणतात ते पटतं.

डेल्टाकर

मिसिसिपीचा तो कायदा २०२४ चा. आमच्या विधिमंडळात रिपब्लिकन बहुमत आहे, तिथे तो झाला. हे परदेशातून बघणाऱ्यांना कळत नाही. सेंटरांचा सर्वांत मोठा विस्तार जॉर्ज डब्ल्यू. बुशच्या काळात सुरू झाला, पुढे ओबामाच्या २०१० च्या आरोग्य कायद्यात सिनेटर बर्नी सँडर्सने ११ अब्ज डॉलरचा निधी घालून घेतला. खेड्यातल्या आमदाराला माहीत असतं की त्याच्या तालुक्यात दुसरा डॉक्टरच नाही.

गंमत अशी की त्या निधीलाच मुदतीचं दुखणं लागलं. पाच वर्षांसाठी होता. मग दोन वर्षं. २०१७ च्या सप्टेंबरअखेर संपला तो २०१८ च्या फेब्रुवारीतच परत आला, तोवर आमच्या सेंटरने एका नर्सला 'पुढचं बघू' म्हणून सांगितलं आणि ती मेम्फिसला गेली. निधी आला, ती नाही आली. २०२३ नंतर तर महिन्यांच्या हिशोबात चाललंय. केंद्राच्या अनुदानातले साधारण ७० टक्के या एका निधीतून येतात. सगळे पक्ष 'आमचा पाठिंबा आहे' म्हणतात आणि अडीच महिन्यांची मुदत देतात. सासूने सुनेला किल्ल्या द्याव्यात, पण रोज संध्याकाळी परत मागाव्यात, तसं.

गोदाकाठ

अबोलीताई, तुम्ही फोन केले म्हणालात. ग्रीन कार्डवर मत नाही आपल्याला. मग ते ऐकतात का? आणि सेंटरला सरकारी पैशातून सरकारकडेच मागण्या करता येतात?

अबोली
गुरुवार, २० नोव्हेंबर

दुसरं आधी. अनुदानाच्या पैशातून लॉबिंग करता येत नाही, एक डॉलरसुद्धा नाही. ना-नफा संस्था म्हणून दुसऱ्या पैशातून मर्यादेत करता येतं. 'आमच्याकडे अमुक इतके पेशंट येतात' हे सांगणं लॉबिंग नाही, 'अमुक बिलाला मत द्या' म्हटलं की झालं. आमच्या सीईओ याबाबत इतक्या काटेकोर आहेत की फोन करायचा तर आम्ही स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या घरून करतो.

आणि हो, ऐकतात. फोन उचलणारी मुलगी झिप कोड विचारते, मतदार आहात का ते विचारत नाही. तिच्याकडे एक यादी असते, त्यात एक रेघ ओढली जाते. तेवढंच. पण रेघा मोजतात म्हणे.

प्रत्यक्ष गेलो होतो त्याचं सांगते. एप्रिलमध्ये, कायदा व्हायच्या आधी, आमच्या काँग्रेसमनच्या इथल्या ऑफिसात. मी चार पानं आकडे नेले होते, रंगीत, माझ्या लेकीने तक्ते करून दिले. समोर पंचविशीतला स्टाफर. त्याने छान हसून पानं फोल्डरमध्ये ठेवली. मला कळलं, ती तिथेच राहणार. मग बसवाल्या बाई बोलल्या. मी त्यांना बसताई म्हणते, त्यांना अर्थ सांगितल्यापासून त्यांना ते नाव आवडतं. त्यांनी कागद काढलाच नाही. म्हणाल्या, मी नऊ महिने शाळेची बस चालवते, जून-जुलैत बस उभी असते, मग त्या महिन्यांत मी धडधाकट आळशी का? स्टाफरने पेन काढलं. पहिल्यांदा.

कायदा त्यामुळे थांबला नाही. तो काँग्रेसमन बाजूनेच गेला. पण तेव्हापासून मी आकडे न्यायचं कमी केलंय.

निशिगंध, तुझ्यासाठी राहिलेलं: पब्लिक चार्जचा (सरकारी मदतीवर अवलंबून राहील म्हणून ग्रीन कार्ड नाकारायचा निकष) २०२२ चा नियम सेंटरमध्ये जाणं धरत नाही. पण याच आठवड्यात तो नियम काढून टाकायचा प्रस्ताव आलाय. प्रस्ताव आहे, नियम नाही. व्हॉट्सअॅपवर 'दवाखान्यात गेलात तर ग्रीन कार्ड नाही' असं फिरतंय, ते पुढे ढकलू नका.

जमाखर्च

बसताईंच्या मुद्द्यावर थांबतो, कारण तिथे खरी मेख आहे. कायद्यात ८० तासांना एक पर्याय आहे: महिन्याचं उत्पन्न केंद्राच्या ताशी किमान वेतनाच्या ८० पट. ७.२५ गुणिले ८०, म्हणजे ५८० डॉलर. ज्याला ताशी १८ मिळतात त्याला ३३ तासांतच अट पूर्ण. हे कित्येक पेशंटांना माहीतच नसणार, आणि फॉर्मवर 'तास' एवढाच रकाना ठेवला तर कळणारही नाही.

दुसरं, हंगामी कामगारांना सहा महिन्यांची सरासरी धरायची सोय आहे. बसताई त्यात आरामात बसतील, जर बस चालवणं 'हंगामी' मानलं तर. तिसरं, अर्जाच्या आधीचे किती महिने बघायचे, एक की तीन, हे राज्याने ठरवायचंय. ज्याला परवाच नोकरी लागली त्याला एक महिना सोपा, तीन अवघड. चौथं, राज्याकडे आधीच असलेल्या पगाराच्या नोंदींवरून परस्पर तपासणी करायची, की प्रत्येकाला कागद आणायला लावायचे. केंद्राचे नियम पुढच्या जूनपर्यंत यायचेत, पण राज्यांची सॉफ्टवेअरची कंत्राटं आत्ताच निघतायत. एकदा का प्रोग्रॅम लिहिला गेला की 'सिस्टिम घेत नाही' हे उत्तर कायम. आपल्यातले निम्मे जण सॉफ्टवेअरवाले आहेत, जास्त सांगत नाही.

आणि ही पात्रता-तपासणी दर सहा महिन्यांनी. आत्ता वर्षातून एकदा असतं.

तिरकस

'सिस्टिम घेत नाही' मी स्वतः क्लायंटला सांगितलंय. पाच हजार वेळा. आमची कंपनी राज्य सरकारांचीच कामं घेते, नाव विचारू नका. रिक्वायरमेंटमध्ये जे लिहून येत नाही ते आम्ही करत नाही, आणि ते लिहिणाऱ्याला बस कधी उभी असते ते माहीत नसतं. हे लिहून घेण्याआधी कोणीतरी बोलायला हवं हे पटलं. एवढंच पटलं, बाकी माझी मतं शाबूत आहेत.

डेल्टाकर

शाबूत राहू द्या. बाबांचं शुगर तेवढं दर तीन महिन्यांनी बघत जा.

अबोली
शनिवार, १३ डिसेंबर

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलं.

राज्याच्या मेडिकेड खात्याने लोकांचं म्हणणं ऐकायला बैठक घेतली. दोन तास गाडी चालवून गेलो, मी, बसताई आणि छपाईवाले आजोबा. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर दिवा, हिरवा, पिवळा, लाल. मी ५८० डॉलरचं आणि एका महिन्याचं बोलले, पिवळ्यावर संपवलं. आजोबांनी लाल दिव्याकडे बघितलंच नाही.

बसताई उभ्या राहिल्या. खात्याच्या बाई चांगल्या होत्या, मन लावून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या हंगामी कामाचा पुरावा म्हणून तुम्ही जून-जुलैची पे-स्लिप जोडू शकाल का?

बसताई म्हणाल्या, "शून्याची स्लिप कोण छापतं?"

सभागृहात लोक हसले. खात्याच्या बाई नाही हसल्या. त्यांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं, त्याने खांदे उडवले, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. परत येताना बसताई गाडीत झोपल्या, पहाटे साडेचारला उठतात त्या.

दातांची जागा अजून रिकामीच आहे. ३० जानेवारीनंतर बघू म्हणालेत.

गोदाकाठ

पुढची बैठक कधी आहे? मी त्याच राज्यात आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय. शनिवार असेल तर येते.

अबोली

मंगळवार आहे. सकाळी दहा. व्यनि (खाजगी निरोप) कर, गाडीत एक जागा आहे. आजोबांच्या शेजारची, आधीच सांगते, ते बोलतात फार.